जरगाला गोडं पाणी

बेलगासेमने आयुष्यात मला एकच गोष्ट हजार वेळा सांगितली असेल. "मिलाद, जरा हात चालव!" आणि मीही त्याला हजार वेळा एकच उत्तर दिलं असेल. "वरात आहे ही, मेंढ्यांचा बाजार नव्हे. ढोल आपल्या चालीनेच चालणार!"

आता यात चूक कुणाची ते तुम्हीच ठरवा. मी ऐन सनाद गावचा ढोलवाला, माझा बापही ढोलवाला. नवरी घरातून निघाली की पुढे मी, माझ्या मागे सनईवाला, त्याच्या मागे बेलगासेमची निळी डिझेल पिकअप आणि पिकअपच्या पाठीवर दोरखंडांनी आवळून बांधलेला जहफा, म्हणजे नवरीचा मेणा. पूर्वी जहफा उंटावर असायचा. उंट गेले, गाड्या आल्या. कमानी त्याच, त्यांच्यावरचे लाल गालिचे तेच, आत बसून गाणाऱ्या मावश्या-आत्याही त्याच, फक्त खालचं जनावर बदललं. चाल मात्र आम्ही बदलली नाही. लग्नं आमच्याकडे ऑगस्टात होतात, आणि ऑगस्टच्या उन्हात पावलापावलाने चालायला उंटाची ना नसते. गाडीचं तसं नाही. गाडी पळाली तर तिला वारा लागतो, रांगली की इंजिन तापतं, आणि बेलगासेमची गाडी तर अशी तापायची की काटा लाल रेघेवर जाऊन नाचायचा.

मग हा खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडायचा, "हात चालव रे, उकळतेय!" मला असं कुणी हुकूम सोडला की डोक्यात तिडीक जाते. मी आणखी सावकाश वाजवायचो. शेवटी तो आपला हुकमी उपाय करायचा, गाडीचा हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची ऊब हीटरवाटे आत ओढली की इंजिनाला तेवढाच आराम. पण बसणाऱ्याचं काय? ऑगस्ट महिना, भर दुपार, अंगात पांढरा जाड जुब्बा, डोक्यावर लाल टोपी आणि तोंडावर गरम वाफारा! नवऱ्याच्या दारात पोचेपर्यंत बेलगासेमचं तोंड बिटासारखं झालेलं असायचं आणि गालांवरून धारा लागलेल्या असायच्या. तिकडच्या बायका हळहळायच्या, "बघा गं, परक्याच्या पोरीसाठी किती रडतोय बिचारा!" हा बापडा फक्त तोंड पुसायचा. मी मात्र ढोलाआड तोंड लपवून हसायचो.

असा हा माणूस. बुटका, रुंद, मिशी एकीकडे वर आणि एकीकडे खाली. उजव्या हाताच्या कोपराखाली भाजल्याचा मोठा डाग, एकदा तापल्या रेडिएटरचं टोपण उघडायला गेला होता त्याची खूण. तरुणपणी राजधानीत गवंडीकामाला गेला, एक हिवाळा काढला आणि परत आला. का आलास विचारलं तर म्हणाला, "तिथे कुणी कुणाला हाकच मारत नाही." मग आईचे दागिने आणि दोन वर्षांचं ऑलिव्ह तेल विकून ही जुनी पिकअप आणली, निळी म्हणून तिचं नाव जरगा ठेवलं, आणि त्याच महिन्यात त्याच्या घरी हनिया जन्मली. एकुलती एक. तेव्हापासून तो दोघींना एकाच मापाने मोजत आला. "माझ्या दोघी एका वयाच्या," असं तो परक्या माणसालाही सांगायचा, आणि ऐकणारा दुसरीचं नाव विचारून फसायचा.

जरगाने गावाचं काय वाहिलं नाही? मेंढ्या, ऑलिव्हची पोती, शाळेचे बाक, बाळंतपणाला अडलेल्या बायका. आणि गावची प्रत्येक नवरी. नवरीचं भाडं त्याने कधी घेतलं नाही. कुणी आग्रह केला तर चिडायचा. "पोर सासरी चाललीय, सिमेंट नाही," म्हणायचा.

गुण सांगितले, आता खोड सांगतो. तशी ती एकट्याची नाही, सगळ्या गावाची.

आमच्याकडे पाणी दोन तऱ्हेचं. नळाला येतं ते खारं, जमिनीच्या पोटातलं. ते धुण्याभांड्याला, झाडांना, जनावरांना. आणि दुसरं पावसाचं, प्रत्येक घराच्या अंगणाखाली कोरलेल्या टाक्यात साठवलेलं गोडं पाणी. ते प्यायला आणि चहाला, बस्स. टाक्याच्या झाकणाला कुलूप असतं आणि किल्ली घरच्या बाईच्या कमरेला. नवरा कितीही मोठा असो, किल्ली त्याच्या हाती येत नाही. मग रेडिएटरमध्ये काय घालायचं? अर्थात नळाचं. कूलंट म्हणून रंगीत पाण्याचे डबे बाजारात मिळतात ते बेलगासेमला ठाऊक होते, पण ते शहरातल्या लोकांचे लाड असं त्याचं मत. आणि गोडं पाणी गाडीला घालणं? तसं करणाऱ्याला गावाने वेड्यात काढलं असतं. माणसाच्या तोंडचं पाणी लोखंडाला पाजायचं म्हणजे पापच की! तेव्हा जरगा जन्मभर खारं पाणी पीत राहिली, आणि तापली की आम्ही म्हणायचो, वय झालं हिचं.

यंदाच्या वसंतात हनियाचं लग्न ठरलं. मुलगा घाटावरच्या क्सर हलीमा गावचा, डाळिंबाच्या बागा आहेत, पोरगा हसरा आहे. त्याच्या घरच्यांनी निरोप धाडला की नवरीसाठी थंड हवेची पांढरी मोटार पाठवतो. हनियाने निरोप आणणाऱ्याला चहा पाजला आणि शांतपणे सांगितलं, "मी जरगावरून येईन. नाहीतर तुम्हीच इकडे राहायला या."

बेलगासेमने ते ऐकलं आणि त्याची छाती अशी फुगली की जुब्ब्याचं बटण तुटेल असं वाटलं. चहाच्या टपरीवर येऊन चार चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा सांगताना मध्येच थांबला. चेहराच उतरला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"मिलाद, गाडी चालवणार कोण?"

प्रश्न खरा होता. आमच्याकडे नवरीचा बाप वरातीबरोबर जात नाही. उंबऱ्यावर पोरीचा निरोप घ्यायचा आणि घरात बसून राहायचं, तिकडून सांगावा येईपर्यंत. आजवर जरगाच्या चाकामागे दुसरा कुणी बसला नव्हता. आणि दुसरी गोष्ट याहून वाईट. घरातून निघालेला जहफा नवऱ्याच्या दारातच थांबायचा असतो. वाटेत थांबला तर अपशकुन. म्हाताऱ्या बायका तो आयुष्यभर उगाळतात, सासूला तर आयतंच कोलीत मिळतं. बेलगासेम स्वतः असता तर हीटर लावून, क्लच दाबून, जरगाच्या मिनतवाऱ्या करून तिला वर नेलं असतं. दुसऱ्याला ते कसं जमावं? आणि पुढे घाट!

नवरीचा मामा चालवेल असं ठरलं. मामा म्हणजे नूरी, बेलगासेमच्या बायकोचा, मसऊदाचा धाकटा भाऊ. तो तालुक्याच्या रस्त्यावर वडाप चालवतो, म्हणजे सावकाश जाणं हा प्रकार त्याने पाहिलेलाच नाही. लग्नाला आठवडा असताना आम्ही रंगीत तालीम घेतली. पुढे मी ढोल घेऊन, मागे नूरी. मशिदीच्या वळणापर्यंत पोचलो नाही तोच मागून फुस्स आवाज आला. वळून बघतो तर जरगाच्या नाकातून वाफेचा लोट आणि नूरी खाली उडी मारून टोपणाकडे हात नेतोय.

बेलगासेम बोंबलत धावला. "हात लावू नको गाढवा! हे बघ!" आणि स्वतःच्या हाताचा डाग त्याच्या नाकासमोर नाचवला.

मग तिथेच रस्त्यात त्याने नूरीला शिकवणी सुरू केली. हीटर कधी सोडायचा, काटा कुठे आला की क्लच दाबायचा, कुठल्या वळणावर वारा मिळतो, कुठे तिच्याशी प्रेमाने बोलायचं. नूरी ऐकत होता, ऐकत होता आणि शेवटी हात जोडून म्हणाला, "दाजी, मी नवरी नेऊ की दवाखाना चालवू? पांढरी मोटारच बोलवा ना."

बेलगासेमच्या तोंडचं पाणी पळालं. तो जरगाच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, तापलेल्या पत्र्यावर. मला त्याची खरंच दया आली. पण मी ढोलवाला, दया दाखवायची कशी ते मला येत नाही, म्हणून मी नूरीवर खेकसलो.

मसऊदाने दारातून सगळं पाहिलं होतं. ही बाई कमी बोलते आणि बोलली की लागतं. ती आत गेली आणि दोन किटल्या घेऊन आली. दोन्ही एकाच दिवशी घेतलेल्या.

"ही चहाची," ती म्हणाली आणि पहिलीचं झाकण उघडलं. आतून स्वच्छ, नुसती काळसर. "आणि ही हात धुवायचं पाणी तापवायची." दुसरीत बोटभर पांढरा थर बसला होता. तिने सुरीचं टोक घालून खरवडलं तर खपली निघाली, अंड्याच्या कवचासारखी. "अरे माणसा, वीस-बावीस वर्षं तू माझ्या पोरीच्या गाडीच्या पोटात हे शिजवतोयस. तिला ताप येणार नाही तर काय येईल?"

बेलगासेमने खपली हातात घेतली. उलटसुलट केली. चाटूनसुद्धा बघितली.

"मग ही निघते कशी?"

"मी लिंबूसत्त्व घालून उकळते. एका उकळीत निघते."

"आणि परत बसू नये म्हणून?"

"परत खारं घालायचं नाही." एवढं बोलून तिच्याच लक्षात आलं की आपण काय बोललो. तिने पटकन कमरेच्या किल्लीवर हात ठेवला. "पण किल्ली मिळणार नाही हं! आधीच सांगते. तीन दिवसांचे पाहुणे आहेत. चहाला खारं पाणी वापरलं तर क्सर हलीमाचे लोक नातवंडांनासुद्धा सांगतील."

आणि तीही खोटं बोलत नव्हती. पाऊस दोन वर्षं नीट झालेला नाही. तिने टाक्यात दोर सोडून दाखवला, भिजून आला तो हातभरही नाही. बेलगासेमने दोराकडे पाहिलं आणि मान हलवली. तो बायकोशी वाद घालत नाही, त्याचं सगळं भांडण माझ्याशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही जरगा अंगणात घेतली. इंजिन रात्रभर निवलेलं. बेलगासेमने जुब्बा काढून ठेवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि गाडीखाली सरपटत गेला. रेडिएटरच्या तळाची तोटी इतक्या वर्षांत कुणी उघडली नव्हती, ती कसली ऐकते! आधी प्रेमाने, मग पान्ह्याने, मग शिव्यांनी. शेवटी सुटली. मी वरचं टोपण काढलं आणि खालच्या घमेल्यात जे काय पडलं ते बघून मी नाक धरलं. चौथ्यांदा उकळलेल्या चहासारखं तांबडं, घट्ट, वर गंजाचा चुरा. मसऊदाची शेळी लगेच बघायला आली.

"शेळी बांध आधी!" बेलगासेम खालून ओरडला. "आणि कूलंट भरताना तर तिला या अंगणात आणूच नको. ते गोड लागतं म्हणून जनावर पितं आणि मरतं."

"तुझ्यापेक्षा तिला अक्कल आहे," मसऊदा आतून म्हणाली, पण येऊन शेळी बांधली. जाताना लग्नाच्या सरबतासाठी आणलेल्या लिंबूसत्त्वातला अर्धा पुडा बॉनेटवर ठेवून गेली.

तोटी बंद केली. नळाच्या पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून रेडिएटर भरला, इंजिन सुरू केलं आणि हीटर पूर्ण सोडला, म्हणजे पाणी हीटरच्या नळ्यांतूनही फिरावं. बेलगासेम सवयीने आत जाऊन बसला.

"अरे, आत कशाला बसतोस?" मी म्हणालो. "गाडी उभी आहे!"

"माझ्याशिवाय तिला करमत नाही," तो म्हणाला आणि घाम पुसत बसून राहिला. हसून हसून माझी मुरकुंडी वळली.

इंजिन चांगलं तापू दिलं, मग बंद करून निवेपर्यंत थांबलो. थांबणं हेच या कामातलं अवघड काम, आणि मला ते जमत नाही. मी तीनदा टोपणाकडे गेलो आणि तीनदा त्याने मला हाताचा डाग दाखवला. मधल्या वेळात भाकरी, हरीसाची तिखट चटणी आणि तेल खाल्लं. दुपारून तोटी उघडली तर बाहेर आलं ते पिवळं, फेसाळ, आणि त्यात खपल्याच खपल्या. मसऊदाच्या किटलीतल्याच, फक्त तांबड्या. बेलगासेम एकेक खपली बोटावर घेऊन बघत होता, दुधाचे दात पडलेल्या पोरासारखा. मग नुसत्या पाण्याने धुतलं. पुन्हा इंजिन, पुन्हा हीटर, पुन्हा थांबणं, पुन्हा तोटी. ज्या धुण्यात घमेल्याचा तळ दिसला त्या धुण्याला तो उठून उभा राहिला.

"झालं," म्हणाला. "आता शेवटचं खळबळणं आणि भरणं, दोन्ही गोड्या पाण्याने."

एवढं बोलला आणि पायरीवर जाऊन बसला. कूलंटचा डबा शेजारी होता, शेवटी नाक मुठीत धरून बाजारातून आणलेला, हिरवा. त्यात निम्मं पाणी मिसळायचं होतं. पाणी कुठून आणायचं ते त्याला माहीत नव्हतं, आणि मागायचं त्याच्या जिभेवर येत नव्हतं. हा माणूस गावाचं ओझं जन्मभर वाहील, पण शेजाऱ्याकडे घोटभर पाणी मागणार नाही. मला असा राग आला म्हणून सांगू! त्याचाही आला आणि गावाचाही.

मी ढोल गळ्यात अडकवला.

"कुठे निघालास?" त्याने विचारलं.

"हात चालवायला!" मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

आमच्या गावात लग्नाचं, मयताचं, हरवलेल्या उंटाचं, सगळं सांगणं ढोलावर होतं. मी वरच्या आळीपासून सुरुवात केली. दणादणा वाजवायचं, थांबायचं आणि ओरडायचं. "ऐका हो ऐका! ज्या ज्या बाईला जरगाने सासरी नेलं, तिने आपल्या टाक्यातलं एक भांडं गोडं पाणी घेऊन बेलगासेमच्या अंगणात यावं! जरगाची अंघोळ आहे! जी येणार नाही तिच्या पोरीच्या लग्नात मी ढोल वाजवणार नाही, वल्ला, अल्लाची शपथ!"

शेवटचं वाक्य घातलं नसतं तरी चाललं असतं. मी अंगणात परत पोचायच्या आत बायका यायला लागल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर मडकं, कुणाच्या हातात प्लास्टिकचा डबा, एकीने तर दुधाची बाटली धुऊन भरून आणली होती. पुढे होती फजरिया, गावातल्या गावात दिलेली, जरगाने नेलेली पहिली नवरी. आता तिच्याच घरात सून आली आहे.

"माझ्या वरातीत याने हीटर लावला होता," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मला वाटलं, जहफ्याखाली चूल पेटवलीय माणसाने! मी आत भाजून निघत होते आणि माझी आत्या म्हणत होती, लाजू नको गं, गाल लाल झालेत तुझे!"

अंगणभर हशा पिकला. बेलगासेम पायरीवरून उठला होता, पण त्याला कुठे बघावं ते कळत नव्हतं. मिशीची खालची बाजूसुद्धा वर गेली होती. "अगं, एवढं कशाला... एक बादली पुरे होती..." असं काहीतरी पुटपुटत होता.

आणि तेवढ्यात मसऊदा पुढे आली. बायकांकडे पाहिलं, मडक्यांकडे पाहिलं, कमरेची किल्ली काढली आणि टाक्याचं कुलूप उघडलं. एक घागर स्वतः ओढून भरली. "पहिलं पाणी माझ्या घरचं पडेल," ती म्हणाली. "पोर माझी आहे." घागर तिने नवऱ्याच्या हातात दिली तेव्हा दोघांनीही काही वेळ ती धरूनच ठेवली होती. मी दुसरीकडे पाहिलं.

मसऊदाच्या घागरीने शेवटचं खळबळून काढलं. मग स्वच्छ घमेल्यात निम्मं कूलंट, निम्मं गोडं पाणी, आणि त्या पाण्यात थोडं फजरियाचं, थोडं प्रत्येकीचं. बेलगासेम ते बारीक धारेने ओतत होता, पाळण्यातल्या पोराला औषध पाजावं तसं. टोपण उघडंच ठेवून इंजिन सुरू केलं. आत अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर यायला लागली, पातळी खाली जायची, तो वरून भर घालायचा आणि मधूनमधून जाड नळी हाताने दाबून बघायचा. हीटरमधून कडक गरम वारा आला, बुडबुडे थांबले, तेव्हा त्याने टोपण घट्ट बसवलं आणि माझ्याकडे वळला.

"चल. मशिदीपर्यंत. तुला जितकं सावकाश वाजवता येईल तितकं सावकाश."

मला हे पुन्हा सांगावं लागत नाही. मी असा रेंगाळत वाजवला की मुंग्या आमच्या पुढे गेल्या असतील. मागे नूरी चाकावर, शेजारी बेलगासेम, आणि सगळ्या बायका गाडीच्या दोन्ही बाजूंनी. मशिदीचं वळण आलं. पुढे गेलो. तेलाच्या घाण्यापर्यंत गेलो. वळून परत आलो. बेलगासेम सारखा काट्याच्या काचेवर टिचक्या मारत होता.

"मिलाद," तो ओरडला, "काटा मेलाय बहुतेक! हलतच नाही!"

"अहो दाजी, मध्यावर आहे तो!" नूरी ओरडला. "तिथेच असतो! सगळ्यांच्या गाड्यांत तिथेच असतो!"

बेलगासेमने ते जन्मात पाहिलं नव्हतं. जीव भांड्यात पडला त्याचा, आणि खरं सांगतो, माझाही. बायकांनी जिभा घोळवून अशा ललकाऱ्या दिल्या की बांधलेली शेळी दावं तोडून पळाली. उरलेल्या गोड्या पाण्याचा मसऊदाने तिथल्या तिथे चहा टाकला, आणि तो पिऊनही मडकी उरली ती तिने पाहुण्यांसाठी टाक्यात ओतली. दोर हातभराहून जास्त भिजायला लागला.

लग्नाच्या दिवशी आकाशातून आगच पडत होती. जहफा बांधून झाला. हनिया दागिन्यांनी वाकलेली, बापापुढे आली आणि तिने त्याच्या डोक्यावर ओठ टेकवले. तो तिला म्हणाला, "घट्ट धरून बस." लगेच वळून नूरीच्या हातात किल्ली दिली, म्हणाला, "हीटरला हात लावलास तर हात तोडीन." मग माझ्याकडे आला.

"घाटमाथ्यावर पोचलास आणि काटा जागेवर असला तर तीन ठोके दे. थांब. मग परत तीन. इथे ऐकू येतं."

"देईन."

तो जायला वळला आणि परत फिरला. "आणि मिलाद, हात सावकाश चालव. घाई करू नको. जितकी उशिरा जाईल तितकी जाऊ दे."

हजार वेळा भांडलो असू आम्ही. त्या दिवशी त्याचं म्हणणं माझंच म्हणणं होतं. मी ढोल उचलला.

असा वाजवलाय मी तो घाट की काय सांगू! पहिलं वळण, दुसरं, दगडाच्या खाणीजवळचा तो खडा चढ जिथे जरगा दर वेळी हमखास तापायची. मी मागे बघायचं टाळत होतो. शेवटी राहवलं नाही, वळलो, तर नूरीने काचेतून बोट दाखवलं, सरळ उभं, मध्यावर. त्याच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता आणि जहफ्यातून गाणं चालू होतं.

माथा आला. मी ठोके द्यायला टिपरू उचललं, तेवढ्यात जहफ्याचा गालिचा बाजूला झाला आणि मेंदीने रंगलेला हात बाहेर आला.

"काका, टिपरू इकडे द्या."

"वेडी आहेस का? आत बस!" मी भडकलो. हा ढोल माझ्या बापाचा. त्याला मी माझ्या बायकोलासुद्धा हात लावू देत नाही.

"काका, बाबाला मी सांगणार."

गाडी थांबवायची नाही, म्हणून मी बाजूने चालत चालत ढोल गळ्यातून काढला आणि पिकअपच्या फळीवर टेकवून धरला. हनियाने दोन्ही हातांनी टिपरू पकडलं आणि वाजवलं. काय ते वाजवणं! ना ताल, ना वजन. तीन ठोके, एक इकडे, एक तिकडे, तिसरा ढोलाच्या कडेवर. थांबली. परत तीन. आत आत्याबाई किंचाळत होत्या आणि पोर हसत होती आणि डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं होतं.

खाली काय झालं ते मला मसऊदाने नंतर सांगितलं. बेलगासेम उंबऱ्यावर बसला होता, हातातला चहा गार झालेला. पहिले तीन ठोके आले तेव्हा त्याने मान वर केली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हा मिलाद नाही," म्हणाला. "मिलाद कसाही असला तरी एवढं वाईट वाजवत नाही."

मग पुढचे तीन आले. पेला त्याच्या हातातून खाली ठेवला गेला. तो उठून उभा राहिला आणि घाटाकडे तोंड करून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा, खदाखदा हसायला लागला. "पोहोचली!" म्हणाला. "ऐकलंस का? माझ्या दोघी पोहोचल्या!"

मसऊदा सांगते, हसताना त्याचं तोंड बिटासारखं झालं होतं आणि गालांवरून धारा लागल्या होत्या. शेजारणी म्हणाल्या, घाम असेल, ऊन किती आहे! मसऊदाने त्यांना तसंच समजू दिलं. पण मला माहीत आहे. हीटर घाटावर होता, आणि तोही बंद.